तिखट कुत्रा आणि उघडं खळं: रॉटवायलर, डॉबरमन, पिटबुल घरात आणण्याआधी आणि आणल्यावर

कोकणात एखाद्याचा कुत्रा 'तिखट' आहे म्हटलं की मालकाला बरं वाटतं. कलमांची राखण, माकडांचा त्रास, वर्षातले आठ महिने बंद राहणारं घर अशी कारणं सांगत आता रॉटवायलर, डॉबरमन, पिटबुल, केन कोर्सो अशा जाती वाड्यांवर दिसू लागल्या आहेत. त्यामागोमाग एक प्रश्न येतोच: घरात पोरं आहेत, आजी आहे, हा कुत्रा चालेल का?

चालू शकतो. पण कोकणात त्याचं उत्तर कुत्र्याच्या जातीपेक्षा घराच्या रचनेत जास्त दडलेलं असतं. आपलं घर रहदारीचं असतं. सकाळी म्हावरेवाली टोपली घेऊन थेट मागच्या दारी येते. पाडेली कोयता कमरेला लावून न विचारता माडावर चढतो. शेजारची पोरं चेंडू शोधत गडगा ओलांडतात, आणि पाखाडी (पायवाट) कित्येकदा दोन घरांच्या खळ्यांमधूनच, म्हणजे अंगणांमधूनच जाते. राखणीसाठी पैदास केलेला कुत्रा जगाचे दोन भाग करतो, आपले आणि परके. जिथे परका कोण हेच धड ठरलेलं नाही, तिथे तो आपल्या अकलेने ठरवतो, आणि त्यात चुकतो.

जात नेमकं काय सांगते

२०२२ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या काही कुत्र्यांची जनुकंही तपासली गेली. कुत्र्या-कुत्र्यांमधल्या वागण्यातल्या फरकाचा जेमतेम ९ टक्के भाग जातीमुळे येतो, असं त्यातून निघालं. कुत्रा किती लवकर चिडतो हे तर जातीवरून फारच कमी कळतं. म्हणून 'रॉटवायलर म्हणजे चावरा' हे जसं खरं नाही, तसंच 'आमच्या ओळखीतला रॉटवायलर गाय आहे गाय' यावरून तुमचा तसाच निघेल हेही खरं नाही.

मात्र जात दोन गोष्टी नक्की सांगते. पहिली, वजन. रॉटवायलर नर साधारण ५० ते ६० किलोचा होतो, डॉबरमन ४० ते ४५, जर्मन शेफर्ड ३० ते ४०. १५ किलोचा गावठी कुत्रा चावला तर टाके पडतात. तीच चूक ५० किलोच्या कुत्र्याने केली तर चार वर्षांचं पोर जिवाला मुकू शकतं. लोक ज्याला 'जातीचा दोष' म्हणतात, तो पुष्कळदा हा वजनातला फरक असतो.

दुसरी, पैदास कशासाठी झाली. रॉटवायलरचे पूर्वज जर्मनीतल्या रॉटवाइल गावी गुरं हाकत आणि खाटकांच्या गाड्या ओढत. म्हणून अंगाने रेटण्याची खोड त्याच्यात लहानपणापासून दिसते, आणि म्हातारी माणसं त्या रेट्याने पडतात. डॉबरमन घडवणारा कार्ल डॉबरमन हा करवसुली करणारा होता आणि त्याला सोबतीला संरक्षण करणारा कुत्रा हवा होता. हा कुत्रा मालकाला चिकटून राहतो, एकटा ठेवला की बिघडतो. ब्रिटनमध्ये १८३५ साली बैलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळावर बंदी आली, त्यानंतर कुत्र्यांच्या झुंजी बोकाळल्या. पिटबुलचं मूळ त्या झुंजीत आहे. त्यामुळे बरेचसे पिटबुल माणसांशी लाडीगोडीने वागतात, पण दुसरं कुत्रं दिसलं की बदलतात. ज्या वाडीत पाच-सहा गावठी कुत्रे मोकळे फिरतात तिथे हाच खरा अडथळा आहे. कॉकेशियन शेफर्ड, कांगल या मेंढ्यांच्या राखणदार जाती मालकाला न विचारता निर्णय घेण्यासाठीच वाढवलेल्या आहेत, शिवाय त्यांच्या अंगावर डोंगराळ थंडीची लोकर. मालवणच्या दमट हवेत असा कुत्रा ठेवणं ही दोन्ही बाजूंनी चूक आहे. यांचा विचारच करू नये.

कायद्याचं थोडक्यात. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा २३ जातींवर बंदी घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठवलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तरी पिल्लू घेण्याआधी आपल्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत परवान्याचं विचारून घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मात्र सगळ्यांनाच लागू आहे, जात कुठलीही असो: पाळलेल्या प्राण्यापासून लोकांना इजा होऊ नये याची काळजी घेण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावली म्हणजे हयगय माफ होत नाही.

पहिली पायरी: आठवडाभर माणसं मोजा

पिल्लाचा विषय काढण्याआधी सात दिवस एका वहीत टिपून ठेवा: हाक न मारता आवारात कोण आलं, कुठून आलं, किती वाजता. दिवसाला चार-पाचांहून जास्त नोंदी होत असतील आणि ती ये-जा थांबवणं तुम्हाला अवघड वाटत असेल, तर राखणीच्या जातीचा नाद सोडा. भुंकून वर्दी देण्यापुरता कुत्रा हवा असेल तर गावठी कुत्रा पुरेसा आहे. त्याला गोचीड, दमट हवा आणि वाडीतली माणसं तिन्ही मानवतात.

आवार बंद करायचं ठरलं तर गडग्यापासून सुरुवात करा. चिऱ्यांचा रचलेला तीन-चार फुटी गडगा म्हणजे मोठ्या कुत्र्याला जिनाच. फटींत पाय रोवून तो सहज चढतो. गडग्याच्या आतल्या बाजूने लोखंडी अँगल रोवून एकूण सहा फूट उंचीपर्यंत दोन इंची चौकटीची वेल्डेड जाळी लावा आणि जाळीचा खालचा फूटभर भाग जमिनीत पुरा. आषाढात माती मऊ झाली की कुत्रे उकरून बाहेर जातात. खाऱ्या वाऱ्याने साधी जाळी दोन-तीन पावसाळ्यांत गंजते, म्हणून जस्ताचा मुलामा असलेली, शक्यतो वर प्लॅस्टिकचं आवरण असलेली घ्या. दर वर्षी पावसाआधी एप्रिल-मेमध्ये सगळे सांधे हाताने ओढून बघा.

दारं दोन हवीत. बाहेरच्या बेड्यापासून (आवाराच्या फाटकापासून) सहा-आठ फूट आत दुसरं फाटक, आणि दोन्ही एका वेळी कधीच उघडी नाहीत. कुत्रा निसटतो तो बहुधा सिलिंडरवाला आत येत असताना, त्याच्या पायांमधून. बाहेरच्या बेड्यावर घंटा बांधा. आतल्या फाटकाचा खालचा चार फुटांचा भाग पत्र्याने झाका. ही गोष्ट लोकांना पटत नाही, पण दिवसभर सळ्यांमधून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर भुंकणारा कुत्रा रोज तासन्‌तास एकाच गोष्टीचा सराव करतो: माणूस दिसला, मी भुंकलो, माणूस गेला. त्याच्या हिशेबी तो दर वेळी जिंकतो. वर्षभरात हीच त्याची सवय होते.

आणि म्हावरेवालीला नवी जागा ठरवून द्या. बाहेरच्या बेड्याशी तिच्यासाठी एक कट्टा बांधा.

दुसरी पायरी: सांभाळणारा कोण

मालक मुंबईत, कुत्रा अलिबागच्या बंगल्यात, आणि भाकरी टाकायला राखणदार. कुत्रे बिघडण्याची ही सगळ्यात खात्रीची वाट आहे. कुत्रा राखणदाराचं ऐकतो. मालक शनिवारी पाहुणे घेऊन येतो तेव्हा कुत्र्याच्या लेखी परका तोच असतो. ज्या घरात रोज दीड तास देणारं, पन्नास किलो ओढ सावरू शकणारं एक प्रौढ माणूस कायम राहत नाही, तिथे ही जात नको. घरी पर्यटक उतरवत असाल तरीही नको. दर आठवड्याला नवी माणसं आणि नवी पोरं सहन करणं हे या कुत्र्यांकडून मागण्यासारखं नाही.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर थांबा. मूल सांगितलेलं ऐकू लागेपर्यंत थांबण्यात काही बिघडत नाही.

तिसरी पायरी: पिल्लू

२०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून एसटीच्या पार्सलने पिल्लू मागवू नका. स्वतः जा आणि पिल्लाआधी त्याची आई बघा. आई अनोळखी माणसाला पाहून कोपऱ्यात दबून गुरगुरत असेल तर परत फिरा. भित्रेपणा रक्तातून आणि आईच्या वागण्यातून, दोन्हीकडून पिल्लात उतरतो, आणि घरातले चावे रागापेक्षा भीतीतून जास्त होतात. घोळक्यातलं सगळ्यात आधी धावून येणारं पिल्लू घेऊ नका, मागे लपणारंही नको. किल्ली खाली टाकली की दचकून, मग दहा-पंधरा सेकंदांत वास घ्यायला येणारं ते घ्या.

चौथी पायरी: चौदा आठवड्यांच्या आत

तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला जगाचा भाग वाटतं. नंतर दिसलेलं संशयास्पद. पिल्लू तुमच्याकडे आठव्या आठवड्यात येतं, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे उरतात. त्यातच लसीही चालू असतात. सहा ते आठ आठवड्यांना पहिली संयुक्त लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढची. तिसऱ्या महिन्यात रेबीज, त्यानंतर पशुवैद्य सांगतील तसं. लसीत लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) भाग आहे ना हे विचारून घ्या. भाताच्या खाचरांच्या मुलखात तो वगळणं परवडणारं नाही.

लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला बाजारात जमिनीवर ठेवायचं नाही, पण कडेवर घेऊन फिरवायला काही हरकत नाही. दिवसाला दोन नव्या गोष्टी, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटं, पिल्लू शांत राहील इतक्या अंतरावरून, आणि दर वेळी तोंडात उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा. आपल्याकडची यादी अशी: उघडलेली छत्री, रेनकोट, इरलं घेतलेला माणूस, डोक्यावर टोपली असलेली बाई, हेल्मेट, काठी टेकत चालणारे आजोबा, लुंगीतला खलाशी, कोयतेवाला पाडेली, एसटीचा हॉर्न, गवत कापायचं मशीन, पळणारी पोरं, बांधलेली गाय. ढोलाचा आवाज आधी मोबाइलवर अगदी हळू लावा आणि आठवड्याभरात वाढवत न्या. पिल्लू मागे सरलं, शेपूट पायांत घातली, तर तुकडा दाखवून पुढे ओढू नका. अंतर दुप्पट करा.

गुरगुरणं गप्प करू नका

दुपारची वेळ, पडवीत कुत्रा भाकरी-अंडं खातोय आणि चार वर्षांचं पोर त्याच्याकडे चालत निघालंय असं समजा. पहिल्यांदा कुत्र्याची घास चावण्याची लय थांबते. तोंड ताटात, पण जबडा हलत नाही. मग मान न वळवता नुसता डोळा पोराकडे फिरतो आणि बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसते. मग ओठ चाटणं, पाठ ताठ होणं. गुरगुर येते ती याच्या नंतर. ही सगळी मिळून दोन-तीन सेकंद असतात, आणि घरातली माणसं बहुधा फक्त शेवटचा आवाज ऐकतात.

तिथे कुत्र्याला चप्पल मारली तर तो गुरगुरायचं सोडतो, पोरावरचा राग सोडत नाही. पुढच्या खेपेला तो गुरगुरण्याची पायरी गाळून थेट चावतो. 'काही न करता चावला' अशी तक्रार येते त्यामागे पुष्कळदा अशी मारून मुकी केलेली गुरगुर असते. त्या क्षणी पोराला उचला, कुत्र्याला खाऊ द्या, आणि सराव दुसऱ्या दिवसापासून करा.

सराव असा. पहिले चार दिवस कुत्रा खात असताना सहा फुटांवरून जाता जाता त्याच्या ताटलीकडे कोंबडीचा तुकडा टाका, न थांबता पुढे जा. तुमचं पाऊल वाजताच तो मान वर करून वाट बघू लागला की अंतर चार फूट, मग दोन. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताटली उचला, त्यात काही चांगलं घाला आणि परत ठेवा. ताटात हात घालून 'मालक मी' हे दाखवायला जाऊ नका. हा सराव मोठ्यांनी करायचा, पोरांनी नाही. आणि कुत्रा जेवत असताना दार बंद, हा नियम तरीही पाळायचाच.

तिखट करायच्या जुन्या युक्त्यांबद्दलही एकदा सांगून टाकू. मिरची चारणं, दिवसभर साखळीला बांधणं, पोरांकडून काठीने डिवचून घेणं, कच्चं मांस देणं. मांसाने कुत्रा रागीट होत नाही. मिरचीने त्याचं पोट बिघडतं. साखळीने मात्र खरंच बिघडतो: पळायची वाट बंद झाली की समोर उरतं ते चावणं, आणि साखळीच्या टप्प्यात आलेलं मूल त्यात सापडतं. बांधणं भागच असेल तर दोन माडांमध्ये वायर रोप ताणून त्यावर सरकती कडी लावा, तीही तासाभरापुरती.

मुसकं

टोपलीच्या आकाराचं, कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं मुसकं घ्या. कापडी पट्ट्याने तोंड घट्ट बंद करू नका. कुत्रा घामाने नाही, तोंडावाटे धापून थंड होतो, आणि कोकणातल्या मे महिन्यात तोंड बांधलेला कुत्रा उष्माघाताने जाऊ शकतो. पहिले तीन दिवस मुसक्याच्या आत दही लावून नुसतं चाटू द्या. मग बक्कल न लावता दहा सेकंद, मग बक्कल लावून अर्धा मिनिट, असं दहा दिवसांत दहा मिनिटांपर्यंत. हे गरज पडण्याआधी शिकवायचं असतं. दवाखान्यात पहिल्यांदा चढवलेलं मुसकं कुत्रा आयुष्यभर लक्षात ठेवतो.

गणपती, शिमगा आणि मे महिना

वर्षभर शहाणा असलेला कुत्रा चतुर्थीला बिघडू शकतो. चाकरमानी येतात, ओटीवर वीस माणसं झोपतात, रात्री भजनाची बारी, टाळ-मृदंग, फटाके. कुत्र्यासाठी माजघरामागची एक खोली पंधरा दिवस आधीच ठरवा आणि रोज तासभर तिथे पंखा लावून, चघळायला काही देऊन ठेवा, म्हणजे ती खोली शिक्षा वाटणार नाही. खोलीला आतून कडी नको, बाहेरून कुलूप हवं आणि किल्ली एकाच माणसाकडे.

राहायला आलेल्यांची ओळख अशी करून द्या: कुत्रा खोलीत, पाहुणे आधी बसलेले, मग कुत्रा सहा फुटी पट्ट्यावर बाहेर. कुणी डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हात पुढे करायचा नाही, वाकून डोक्यावर थोपटायचं तर नाहीच. वास घेऊन तो स्वतः बाजूला झाला की खाली तुकडा टाका. दहा मिनिटं, मग परत खोलीत. दहाच्या वर माणसं असतील तर ओळखीचा सोहळाच नको.

शिमग्याची पालखी घरी येते तेव्हा आवार झाकून भागत नाही. ढोल खळ्यातच वाजतो, पालखी खळ्यातच नाचते. कुत्रा दोन तास आधी आत. अडचण एवढीच की पालखी कधी येईल हे मानकऱ्यांनाही सांगता येत नाही, म्हणून शेजारच्या वाडीत ढोल वाजू लागला हीच खूण धरा. आंबे उतरवण्याच्या दिवसांत रोज नवे गडी येतात, तेव्हाही हाच बंदोबस्त.

दुखणारा कुत्रा

शांत कुत्रा अचानक अंगावर धावू लागला तर आधी दुखणं शोधा. पावसाळ्यात कानात बुरशी होते, पंजांच्या बेचक्यात ओल राहून जखमा होतात, गोचिडीतून ताप येतो. फिकट हिरड्या, नाकातून रक्त, खाणं सोडणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. आठवड्यातून दोनदा कानाच्या पाळीखाली आणि बोटांमध्ये बोट फिरवून गोचीड काढा. गोळ्या पशुवैद्याने वजनावरून ठरवून द्याव्यात. गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंदाजाने चोळू नका. मोठ्या जातीत खुब्याचं दुखणंही असतं. उठताना कुरकुरणाऱ्या कुत्र्यावर पोरं बसली की चावा ठरलेला.

रात्री कुत्रा घरात घ्या. पन्नास किलोचा झाला तरी अंगणात बांधलेला कुत्रा बिबट्याला आयताच मिळतो.

दीड वर्षाचा झाल्यावर

पिल्लू वर्षभर सगळ्यांच्या अंगावर खेळतं, घरचे निर्धास्त होतात. राखणीची वृत्ती खरी जागी होते ती साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान. रोजच्या दुधवाल्याकडे तो पहिल्यांदा ताठ उभा राहून बघतो, तो दिवस वहीत लिहून ठेवा आणि चौथ्या पायरीचा सराव पुन्हा सुरू करा. नसबंदीने भटकणं कमी होतं, पण भीतीतून येणारा राग त्याने जात नाही. मोठ्या जातीत सांध्यांची वाढ पुरी होईपर्यंत थांबायचं का, हे पशुवैद्याला विचारा. दोन वेळा कातडी फुटेपर्यंत चावलेला कुत्रा मुलं असलेल्या घरात ठेवू नये. दुसऱ्याला देताना दोन्ही चावे सांगूनच द्या.

चावलाच तर

दोन कुत्रे भिडले असतील तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी तोंडावर मारा, नाहीतर दोघांनी एकेकाचे मागचे पाय उचलून मागे ओढा.

माणूस चावला गेला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. कुत्र्याला लस दिलेली असली तरी तडक सरकारी रुग्णालयात जा. दंडाच्या स्नायूत देतात ती रेबीजची लस पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेभोवती सीरमही लागतं, ते तिथे नसेल तर जिल्हा रुग्णालय गाठा. कुत्र्याला दहा दिवस बंद आवारात नजरेखाली ठेवा, रोज खातोय-पितोय का ते लिहा. रागाच्या भरात त्याला मारू नका, रानात नेऊन सोडू नका. दहाव्या दिवशी तो धडधाकट आहे की नाही, यावर चावलेल्या माणसाचे पुढचे डोस डॉक्टर ठरवतात.